डगल्याच्या बाह्या

१

सकाळी साडेआठला खोली उघडायची. पडदे अर्धे सारायचे. हवेतला ओलावा ओढणाऱ्या मशीनच्या ट्रेमधलं पाणी बाहेर जास्वंदीला ओतायचं, हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, मग डगल्यावरची मलमल काढायची आणि तो दिवसभरासाठी स्टँडवर चढवायचा. मळवलीच्या त्या बंगल्यात मी नऊ वर्षं भरतकाम करते आहे, पण हा क्रम गेल्या डिसेंबरपासूनचा. डिसेंबरात डगला आला.

बंगला गौरव सरांचा. सर कपडे बनवतात. तुम्ही-आम्ही घालतो तसले नव्हेत. एकेका कपड्यावर चार-चार महिने काम चालतं आणि तो पॅरिसला जातो, एकाच कुणातरी बाईसाठी. दुकान मुंबईत, पण हाताचं नाजूक काम इथं. उजेड चांगला, आणि शनिवार-रविवारी शेजारच्या बंगल्यांत पाहुणे येऊन गाणी लावतात तेवढं सोडलं, तर शांतता.

मी मूळची लोणावळ्यात ब्लाउज शिवणारी. सरांनी माझं काम पाहिलं, सहा महिने मुंबईच्या कारागिरांकडे शिकायला धाडलं, आणि तेव्हापासून प्रत्येक कपड्यावरचं मुख्य फूल माझं. बाकीच्या मुली पानं भरतात, वेली भरतात, काठ भरतात. फूल राजेश्वरीताई भरणार. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

या वर्षीच्या कामासाठी सरांनी भिंतभर चित्रं लावली होती. जपानी किमोनो, पेशवाईतले अंगरखे, आणि शंभर वर्षांपूर्वीचे पॅरिसचे झगे.

"बघा ताई," ते म्हणाले होते, "ह्या पॅरिसच्या शिंप्यांनी किमोनो पाहिला आणि बायकांच्या कंबरा आवळणं सोडलं. चीनचं रेशीम पाहिलं आणि त्यांची फुलं बदलली. आपण तिकडून काही घ्यायचं नाही. जिथून त्यांनी घेतलं, तिथून घ्यायचं."

आणि त्यांनी पेटी उघडली. आत तो डगला. जांभळाच्या रंगाचं चिनी रेशीम, दीडशे वर्षांपूर्वीचं तरी, मुंबईच्या कुठल्या जुन्या व्यापारी घराण्यातून मिळवलेलं. पाठीवर एकच मोठं फूल, आपल्याकडच्या कुठल्याच फुलासारखं नाही. ते सगळं गाठीच्या टाक्यांनी भरलेलं. गाठी खसखशीच्या दाण्याहून बारीक. बाह्या रुंद आणि इतक्या लांब की हात आत बुडून जावेत. त्या काळी बायका समोर दोन्ही बाह्या जुळवून, हात आत घेऊन उभ्या राहत, असं सर म्हणाले.

मी ओणवी होऊन फुलाकडे पाहिलं. गाठ कुठं सुरू होते आणि दोरा कुठं संपतो, ते मला दिसेना. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

२

बबिता जानेवारीत आली. विसापूरच्या पायथ्याला एक वाडी आहे, डोंगराला चिकटून. तिथली. आश्रमशाळेत शिवण शिकलेली, एकोणीस-वीस वर्षांची, बारीक चणीची. बंगल्याची देखभाल बघणाऱ्या सोपानभाऊंनी तिला आणलं.

मी तिला पानं दिली. दुपारी सर फेऱ्या मारत आले आणि तिच्यापाशी थांबले. अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवतात त्या लाकडी चौकटीवर, तिने पानाच्या कडेला स्वतःच्या मनाने सात-आठ गाठी टाकल्या होत्या.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. त्या डगल्यावर हायेत ना, तशा टाकल्या."

सरांनी भिंग मागवलं. भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग ते माझ्या हातात दिलं. मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ह्या डगल्यावरून जो नवा कोट करतोय, त्याच्या पाठीवरचं फूल बबिता करेल. तुम्ही बाह्यांचा काठ घ्या. आणि तिच्यावर लक्ष ठेवा हं, मुलगी लाखात एक आहे."

मी "बरं" म्हटलं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. सुहासने, माझ्या नवऱ्याने, रात्री विचारलं काय झालं म्हणून. मी म्हटलं, पित्त.

३

संध्याकाळी डगला स्टँडवरून उतरवून मी स्वतः घडी करून ठेवायचे. टेबलावर पालथा अंथरायचा, मध्ये मलमल, बाह्या आत दुमडायच्या. उजवी खाली, डावी वर. शिवणकाम करणाऱ्याची घडी म्हणजे सहीच असते, चुकत नाही.

एका सकाळी मलमल काढली तर डावी खाली होती, उजवी वर.

हसू आलं मला. वय झालं राजेश्वरी, म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी घडी मोडताना डगल्याच्या काखेत हात घातला आणि तिथलं रेशीम दमट लागलं.

त्या खोलीत काहीही दमट असू शकत नाही. मशीन दिवसरात्र चालतं. आमचे ओठ फुटतात. मी गळपट्टीला बोट लावलं. कोमट. आत्ताच कुणी अंगातून काढून ठेवावा तसा.

मला भीती वाटली, असं आता म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. मला बबिता आठवली. तिची बारीक चण, लांब मान. हा डगला तिच्या अंगावर कसा बसेल ते मला डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. ही पोरगी तो चोरून घालते! मी नऊ वर्षं इथं आहे आणि माझी छाती झाली नाही, आणि ही तीन आठवड्यांत घालून मोकळी. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

सोपानभाऊंना विचारलं, "सकाळी बबिता आधी येते ना? तुम्ही दार उघडून देता का तिला?"

"न्हाई बा. ती पायरीवर बसलेली असती तू येईस्तवर. म्या म्हनलं, पोरी, थंडी लय हाय, आत बस. तर म्हनती, मावशी आल्याबगर नको."

सोपानभाऊ तिच्या बाजूचे आहेत, एवढाच अर्थ मी घेतला.

४

ती कामाला बसली की अड्डा असा वळवून घ्यायची की डगल्याचा स्टँड समोर येईल. त्याच्याकडे पाठ कधीच करायची नाही. संध्याकाळी निघताना दारातून मागं बघून हळूच म्हणायची, "येते."

एकदा मी घडी घालत होते. ती जवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, बाह्या आत नका दुमडू."

मला ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची. बाकीच्या मुली ताई म्हणतात.

"का गं?"

"तिला आवडत न्हाई."

"कुणाला?"

तिने नुसती मान हलवली डगल्याकडे.

"तो डगला आहे, बबिता. त्याला म्हणावं. तिला काय?"

"डगल्याला न्हाई म्हणत मी," ती म्हणाली आणि चपला घालायला गेली.

मी खोलीत एकटी उभी राहिले. मशीनची घरघर. लांबून एक्स्प्रेस गाडी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. बाह्या मी दुमडल्याच, मुद्दाम, अंमळ जोराने दाबून. खेड्यातली पोर, म्हटलं, देव-देवऋषी मानणारी. वस्तूला माणूस समजते. पण दार ओढून घेताना माझी नजर पुन्हा एकदा टेबलाकडे गेली. मलमल सपाट नव्हती. मी ती परत जाऊन नीट केली नाही.

५

मी खडू लावला. शिंप्याचा पांढरा खडू, किसून पूड केलेला, गळपट्टीच्या आतून बोटाने फासला. घातला तर मानेला लागणारच.

सकाळी पूड पुसलेली होती. एका ठिकाणी नाही, गोल, मान टेकते तिथं सगळीकडून. मी धावत बाहेर गेले. बबिता पायरीवर बसली होती, आदल्याच दिवसाची ओढणी, आदल्याच दिवसाची वेणी, म्हणजे मान अजून धुतलेली नव्हती.

"मान दाखव."

तिने निमूटपणे वेणी पुढं घेतली. मान स्वच्छ. सावळी, कोरडी, खडूचा कणही नाही.

तिथंच मी थांबायला हवं होतं. मला तेव्हाच कळलं होतं की ही नव्हे. पण ही नव्हे म्हटलं की मग कोण, ते आलंच. आणि शिवाय तिचं फूल अर्ध्यावर आलं होतं. अड्ड्याजवळून जाताना त्याच्याकडे न बघणं मला जमत नव्हतं, आणि बघितलं की दिवस नासायचा.

सर अकराला आले. मी त्यांना सांगितलं, की बबिता डगला घालते. मी डोळ्यांनी पाहिलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला. त्या रेशमाला घाम लागणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्यांनी डगल्याच्या काखेला हात लावून पाहिला. मग बबिताला बोलावलं. आवाज चढवला नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाले.

तिने नाही म्हटलं नाही, रडलीही नाही. ती माझ्याकडे वळली आणि माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती तिची.

"मावशी, तुमी पाहिलं? घातलेला पाहिला?"

"हो."

"तोंड पाहिलं?"

मी हात सोडवून घेतला. सरांना वाटलं, ती वेड पांघरते आहे.

६

फूल माझ्याकडे आलं. चार दिवस मी गाठी टाकल्या आणि चारही दिवस संध्याकाळी उसवल्या. भिंगाखाली तिच्या गाठी एकीला एक लागून बसलेल्या, आणि शेजारी माझ्या, ज्वारीच्या दाण्यांसारख्या. नऊ वर्षं ज्या हाताचा मला माज होता तो हात हाच का, असं वाटायचं.

डगला मात्र रोज कोमट. आता बबिता नव्हती. मी म्हटलं, ऊन. खिडकी उत्तरेला आहे, तिथून ऊन कधी येत नाही, तरी म्हटलं.

पाचव्या दिवशी दुपारी पॅरिसहून सरांना फोन आला. बाही अंगावर कशी पडते ते त्यांना बघायचं होतं, लगेच.

"ताई, आता तुम्हीच घाला. दोन मिनिटं. आत मलमलचा झगा घालून घ्या, म्हणजे घाम लागणार नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? डगला खांद्यांवर चढला तेव्हा मी डोळे मिटले. इतका हलका, आणि आतून उबदार. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसा.

"मस्त," सर मोबाईल धरून म्हणाले. "आता समोर बाह्या जुळवा. हात आत."

मी उजवा हात डाव्या बाहीत घातला, डावा उजव्या बाहीत. आत अंधार, रेशीम, आणि माझीच मनगटं. मी माझ्या डाव्या मनगटावर बोटं टेकवली.

मग माझ्या बोटांवर बोटं आली.

माझीच असतील म्हणून मी माझा डावा हात हलवून पाहिला. तो माझ्या उजव्या मनगटावर होता. ही बोटं ती नव्हती. लहान, कोरडी, फार जुन्या सवयीची. त्यांनी माझं बोट धरलं आणि शेंड्यावर, सुईने जिथं घट्टा पडतो तिथं, अंगठा फिरवला. मग दुसरं बोट. मग तिसरं. बाजारात भेंडी मोडून बघावी तसं, न घाबरता, न घाई करता. करंगळीपर्यंत येऊन ती थांबली.

आणि त्यांनी माझा हात बाजूला सारला.

जोराने नाही. हे नको, म्हणून ताटातला पदार्थ सारावा तसा.

"ताई, जरा हसा ना," सर म्हणाले.

मी किंचाळले नाही. त्या सगळ्या भीतीच्या मधोमध एकच विचार उभा होता. माझ्यात काय कमी आहे?

७

त्याच संध्याकाळी सर म्हणाले, वेळ संपत आलाय, बबिताला परत आणा, मी माफ केलंय म्हणून सांगा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर गेले. भातखाचरं कापून मोकळी पडली होती, वर विसापूरचा कडा उन्हात. बबिताची आई, गंगी, अंगणात लाकडं फोडत होती. मला बघून तिने कोयता खाली ठेवला नाही.

"का आला?"

"बबिताला न्यायला. माझी चूक झाली. मी पाहिलं नव्हतं काही."

गंगीने आत बोट केलं. बबिता दाराशी बसली होती. जुन्या धोतराच्या तुकड्यावर गाठी टाकत होती, पांढऱ्यावर पांढऱ्या. तुकडा भरला होता, तरी गाठींवर गाठी.

"जेवत न्हाई, बोलत न्हाई," गंगी म्हणाली. "निजली तरी बोटं चालत्यात. बाई, तुमी तितं असता रोज. मला खरं सांगा. त्या खोलीत काई वंगाळ न्हाई ना?"

बबिताची बोटं थांबली. तीही माझ्याकडे बघत होती.

सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. की आत कुणीतरी आहे, त्याने माझा हात धरला. आणि मग सोडला. ते शेवटचं मला माझ्या तोंडाने म्हणवेना. या पोरीसमोर तर नाहीच.

"काही नाही," मी म्हटलं. "जुनं कापड आहे, बाकी काही नाही."

गंगीने सुस्कारा टाकला. बबिता उठून केस विंचरू लागली. "तुमी तोंड पाहिलं न्हाई ना, मावशी? मग बरं," ती म्हणाली. चेहऱ्यावर सुटका होती की आनंद, ते मला ओळखता आलं नाही.

८

ती आली त्या दिवसापासून काम असं पळू लागलं की सर दोनदा मुंबईहून नुसतं बघायला आले. तिने एकच मागितलं, खोलीत दुसरं कुणी नको. मला व्हरांड्यात बसवलं गेलं, काठ घेऊन. दार लोटलेलं असायचं. आतून दोरा ओढल्याचा आवाज यायचा, सर्रर, थांबून पुन्हा सर्रर. मला वाटायचं, दोन सुया चालताहेत. कान देऊन ऐकलं की एकच वाटायची.

दहाव्या दिवशी दुपारी राहवलं नाही. चपला काढून गेले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

बबिता अड्ड्याशी बसली होती. आता तिची पाठ डगल्याकडे होती. स्टँड तिच्या अगदी मागे होता, इतका जवळ की जांभळ्या बाह्या तिच्या दोन्ही खांद्यांवरून पुढं आल्या होत्या आणि चौकटीच्या खाली गेल्या होत्या. ती दमली असावी. ओढणीने डोळे पुसत होती. दोन्ही हातांनी.

अड्ड्यावर काम करताना एक हात कापडाच्या वर असतो, एक खाली. खालचा सुई वर ढकलतो, वरचा ओढून घेतो. तिचे दोन्ही हात मला दिसत होते, चेहऱ्यापाशी.

कापडातून सुई वर आली. चकाकली. आणि कुणीतरी ओढून घेण्याची वाट बघत तशीच उभी राहिली.

"आले गं," बबिता म्हणाली. ओढणी सोडून तिने सुई धरली.

मी दार ओढून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून हळूच ओढलं.

९

कोट पूर्ण झाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. गाडी सुटल्यावर आम्ही सगळ्या पायरीवर होतो. बबिता चपलेचा बंद लावत होती. तिला तो लागेना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा निसटला. मग तिने आपले हात वर धरून पाहिले. बोटं नुसती लोंबत होती.

तळेगावला डॉक्टरांना दाखवलं, सरांनी पुण्यालाही नेलं. तपासण्या सगळ्या चांगल्या. नसांवर ताण आहे, विश्रांती द्या, म्हणाले. दोन महिने झाले. आता गंगी तिला भरवते, वेणी घालते, लुगड्याच्या टोकाने तोंड पुसते.

परवा मी भेटायला गेले. गंगीने बस म्हटलं नाही. तिने मला काही विचारलंही नाही. तिने एकदाच विचारलं होतं. मी मनाशी ठरवून गेले होते की आज पाय धरायचे, सगळं कबूल करायचं.

बबिता उन्हात बसली होती, हात मांडीवर उताणे टाकलेले. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या घालेल. ती हसली. बाळंतिणीसारखं थकलेलं, भरलेलं हसू.

"दुखतं का गं?"

"न्हाई." मग जवळ वाक अशी खूण तिने मानेनेच केली आणि कानाशी म्हणाली, "लय माया होती, मावशी. असं कुणी शिकवलं न्हाई मला."

मी पाय धरले नाहीत. कबूलही केलं नाही काही. डोंगर उतरताना मला तिची कीव येत होती, हो, येत होती. पण त्या किवेच्या खाली तेच जुनं जळत होतं, आणि बंगल्याच्या फाटकापर्यंत दुसरं काही उरलंच नाही.

आज सकाळी सरांचा फोन आला. पॅरिसला कोट फार आवडला, तसाच दुसरा हवा आहे.

"बबिताचं वाईट झालं," सर म्हणाले. "पण ताई, त्या वाडीत आणखी कुणी मुलगी असेल ना? चांगल्या हाताची? सोपानभाऊंना विचारू का?"

"नको, सर," मी म्हटलं. "कुणाला आणू नका. त्या खोलीत दुसरं कुणी नको."

"बरं झालं तुम्ही म्हणालात," ते म्हणाले. "तुम्हाला त्या पोरींची काळजी आहे."

मी फोन ठेवला. दाराला आतून कडी घातली. अड्ड्यावर नवं कापड ताणून बसवलं, सुईत दोरा ओवला. मग डगल्याचा स्टँड ओढत आणून माझ्या पाठीशी लावला, बाह्या खांद्यांवरून पुढं घेतल्या आणि बसले.